कट बिघडला की आधी टूलची उंची बघा

लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) बसवून झाला आहे, तीन जॉच्या चकात (पकडीत) जॉब (कापायचा तुकडा) धरता येतो, मायक्रोमीटर वाचता येतो, एवढं गृहीत धरून लिहिते आहे. यापुढचा टप्पा एकट्याचा असतो. कारखान्यात शिकणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी उभं असतं. घरच्या वर्कशॉपमध्ये फिनिश खरखरीत आलं तर विचारायचं कोणाला? मग संशय यंत्रावर जातो. बेअरिंग गेलं असेल, बेड झिजला असेल, मोटर कमी पडत असेल. मी बराच काळ त्याच वाटेने गेले. गिब (सरकत्या भागांतली ढील घालवणाऱ्या पट्ट्या) आवळले, बेल्ट बदलला, स्पीड वर-खाली करून पाहिला. दोष निघाला टूलच्या टोकाच्या उंचीत, आणि तोही अर्ध्या मिलिमीटरचा.

"टूल सेंटर हाइटला लावा", म्हणजे टोक जॉबच्या मध्यरेषेच्या उंचीला आणा, हे वाक्य प्रत्येक जण ऐकतो. का, ते फारसं कोणी सांगत नाही. म्हणून मी इथे लांबण लावणार आहे.

टूलला पुढून ८ अंशांचा क्लिअरन्स (धारेखाली जॉबपासून ठेवलेला मोकळा कोन) दिला आहे असं समजा. तो ८ अंश तेव्हाच खरा, जेव्हा टोक जॉबच्या मध्यरेषेवर असतं. टोक वर गेलं की ते गोलाईला वरच्या बाजूला भिडतं आणि क्लिअरन्स तेवढा खाल्ला जातो. किती, ते जॉबच्या व्यासावर ठरतं. टोक अर्धा मिलिमीटर वर असेल तर ४० मिमीच्या जॉबवर जेमतेम दीड अंश जातो, काही कळतसुद्धा नाही. १० मिमीच्या जॉबवर पावणेसहा अंश जातात. ६ मिमीवर साडेनऊच्या पुढे. म्हणजे तुमचे ८ अंश संपले. आता धार कापत नाही, तिच्या खालचा भाग जॉबला घासतो. टूल पुढे ढकललं तरी कट बसत नाही, जोर वाढवला की एकदम घुसतं. जाड जॉबवर सुरेख चालणारं टूल बारीक पिनवर वेड्यासारखं का वागतं, याचं उत्तर एवढंच आहे. टूल तेच, ग्राइंडिंग तेच, चूक तीच. फक्त व्यास लहान झाल्यामुळे ती उघडी पडली.

टोक खाली असेल तर उलटं होतं. क्लिअरन्स वाढतो, पण रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) कमी होतो, धार कापण्याऐवजी खरवडते. फेसिंग करताना (जॉबचं टोक सपाट कापताना) मध्यभागी छोटा खुंट उरतो. या खुंटावर चिडू नका, तो तुमचं मोजमापाचं साधन आहे. त्याचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि निम्मा करा. टूल तेवढंच खाली आहे. खुंट ०.८ मिमी असेल तर टूलखाली ०.४ मिमी पॅकिंग (पातळ पट्ट्या) घाला. टोक वर असेल तर खुंट स्वच्छ कापला जात नाही, मध्यावर चुरगळल्यासारखा होतो. तसं दिसलं की पॅकिंग कमी करा.

घाईत असाल तर दुसरी पद्धत. मशीन बंद ठेवून पातळ स्टीलची पट्टी जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये हलकेच धरा. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे. पट्टीवर जोर देऊ नका, धारेचा टवका उडतो.

बरं, एकदा लावली की उंची कायमची राहते का? नाही, आणि खरा फटका इथे बसतो. बोल्ट आवळताना टूल हलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघायचं. पॅकिंग फक्त पुढच्या बाजूला घातलं तर टूल मागच्या बाजूला खाली बसतं आणि टोक वर उचललं जातं. पॅकिंग टूलच्या पूर्ण लांबीखाली हवं. दात घासून काढलेल्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे यासाठी फार चांगले. शिवाय दर वेळी टूलला वरच्या बाजूने धार लावली की टोक थोडं खाली जातं. म्हणून शक्यतो पुढून आणि बाजूने ग्राइंड करा, वरच्या बाजूला ऑइलस्टोन फिरवला तरी पुरतो.

बोअरिंगला (भोक आतून मोठं करताना) हे सगळं उलट करून लक्षात ठेवा. भोकाच्या आत टूल खाली असेल तर क्लिअरन्स जातो आणि टूलची टाच भोकाला घासते. बोअरिंग बार कापताना खाली वाकतो. टोक मध्यरेषेच्या किंचित वर असेल तर वाकल्यावर ते भिंतीपासून थोडं दूर सरतं. मध्यरेषेच्या खाली असेल तर वाकल्यावर आणखी रुततं. म्हणून आतून काम करताना केसभर वर, बाहेरून करताना नेमकं मध्यावर किंवा केसभर खाली. पार्टिंगलाही (जॉब कापून वेगळा करताना) हा बाहेरचाच नियम. तिथे टूल पोस्टच्या बाहेर कमीत कमी काढा, कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) लॉक करा, स्पीड टर्निंगच्या निम्म्याहून कमी ठेवा, तेल सोडा आणि फीड देताना अडखळू नका.

"आवाजावरून कळेल" असं सांगणारे गुरू भेटतात. त्यांना खरंच कळतं, पण नवशिक्याला त्याचा काही उपयोग नाही. कान तयार व्हायला आधी बरोबर आवाज ऐकलेला असावा लागतो. कारण सांगणारा, आकडा देणारा आणि स्वतः मोजून दाखवणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

तयार कार्बाइड टूलचा सेट घेऊन टाकावा, हा सल्लाही तुम्हाला मिळेल. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या टप्प्यात नको. स्वस्त ब्रेझ्ड टूल (कार्बाइडचा तुकडा डाखून बसवलेली) बऱ्याचदा बोथट येतात, आणि लहान, हलक्या लेथकडे ती रेटायची ताकद आणि कडकपणा नसतो. एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) चौकोनी टूलबिट स्वतः ग्राइंड करायला शिका. सुरुवातीचे काही बिट वाकडेतिकडे होतील, होऊ द्या. धार चुकली तर पुन्हा लावता येते. माइल्ड स्टीलला एचएसएसने मिनिटाला साधारण ३० मीटर कटिंग स्पीड धरा. २५ मिमीच्या जॉबला ते ३८० आरपीएमच्या आसपास येतं, १० मिमीला ९५० च्या आसपास.

आणि इथे मला कडक बोलू द्या. चकची चावी चकात ठेवून हात काढायचा नाही, एका सेकंदासाठीही नाही. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही. लांब बाही, ओढणी, मोकळे केस, अंगठी, काहीही नको. लांब गुंडाळलेली चिप (कापून निघालेली धातूची पट्टी) हाताने ओढायची नाही, मशीन बंद करून हुकने काढायची. सेफ्टी चष्मा नसेल तर स्विच दाबूच नका. घरी तुम्हाला सोडवायला शेजारी कोणी नसतं.

आता टूलिंग. लेथने लेथसाठी करायची पहिली वस्तू म्हणजे सेंटर हाइटचा गेज. वरच्या पद्धतीने खुंट अगदी नाहीसा होईपर्यंत टूल लावा. मग क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) सपाट पृष्ठापासून टोकापर्यंतची उंची मोजा आणि तेवढ्याच लांबीचा एक गोल तुकडा फेस करून काढा. खालचा फेस मध्ये थोडा खोलगट करा, म्हणजे तो कडेवर स्थिर बसेल. पुढचं प्रत्येक टूल याच तुकड्याच्या वरच्या फेसला टेकवून लावायचं. काम अगदी साधं आहे, पण यानंतर निम्मे त्रास संपतात.

दुसरी वस्तू बोअरिंग बार. माइल्ड स्टीलच्या सळईला टोकाजवळ आडवं भोक पाडा, त्यात एचएसएसचा छोटा गोल बिट बसवा आणि पुढच्या फेसमधून ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरा. सळई हार्डन (तापवून आणि बुडवून कडक) केली नाही म्हणून ती जास्त वाकेल, अशी भीती बाळगू नका. हार्डनिंगने स्टीलची ताकद वाढते, लवचिकपणा जवळपास तोच राहतो. वाकणं ठरतं ते लांबीवर आणि जाडीवर. बार दुप्पट बाहेर काढला तर तेवढ्याच जोराला आठपट वाकतो. जाडी दुप्पट केली तर सोळापट कमी वाकतो. म्हणून भोकात मावेल तेवढा जाड बार करा आणि व्यासाच्या चौपटीहून जास्त बाहेर काढू नका.

तिसरी वस्तू डी-बिट, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं अर्धगोल टोकाचं टूल, आणि ही करताना मला सगळ्यात जास्त आनंद होतो. सिल्व्हर स्टीलची (हार्डन करता येणाऱ्या जास्त कार्बनच्या स्टीलची) सळई हव्या त्या मापाला टर्न करा. पुढचा भाग अर्ध्या व्यासापेक्षा किंचित जास्त उरेल इतका सपाट फाइल करा आणि टोकाला थोडा क्लिअरन्स द्या. मग लालबुंद होईपर्यंत तापवा. चुंबक चिकटेनासं होतं ते साधारण ७७० अंश सेल्सिअसला, त्याच्या थोडं वर गेलं की सळई तेलात सरळ उभी बुडवा. आडवी बुडवली तर वाकते. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून झाकण असलेलं धातूचं भांडं घ्या आणि हे काम उघड्यावर करा. नंतर एमरीने चकचकीत करून मागच्या बाजूने हळूहळू तापवा. धारेवर फिकट गवती पिवळा रंग आला की लगेच पाण्यात. हा रंग साधारण २२० ते २३० अंशांना येतो. निळा होऊ दिला तर धार मऊ पडते, पुन्हा पहिल्यापासून हार्डन करावं लागतं.

वापरताना आधी थोड्या लहान ड्रिलने भोक पाडा, तोंडाशी थोडी खोली पूर्ण मापाला बोअर करून घ्या म्हणजे डी-बिटला वाट मिळते, आणि मग कमी स्पीडवर भरपूर तेल घालून आत सोडा. तो चिप्स स्वतः बाहेर टाकत नाही. दर थोड्या खोलीला बाहेर काढा, पुसा, पुन्हा आत घाला.