अंड्याचा पास्ता बरणीत भरू नका, आणि आणखी काही चुका टाळा

घरी केलेला अंड्याचा पास्ता वाळवायचा, काचेच्या बरणीत भरायचा आणि फडताळात ठेवून द्यायचा, ही चूक मी इतक्या जणांना करताना पाहिली आहे की आज सुरुवात तिच्यापासूनच करते. बाकीच्या चुकांनी फार तर जेवण बिघडतं. हिच्यामुळे माणूस आजारी पडू शकतो.

लोक म्हणतात, दुकानातला अंड्याचा पास्ता महिनोन्‌महिने टिकतो, मग घरचा का टिकू नये? 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं हे नेहमीचं प्रमाण घेतलं, तर मळलेल्या पास्त्यात जवळजवळ एक तृतीयांश पाणी असतं. इटलीच्या कायद्याप्रमाणे सुक्या पास्त्यात 12.5 टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. कारखान्यात तापमान आणि आर्द्रता दोन्ही सांभाळून तो तिथवर आणतात. घरी दोरीवर टांगलेला किंवा ताटात पसरलेला पास्ता वरून कडक होतो आणि आत दमट राहतो. तो वाळत असतो तेवढा सगळा वेळ त्यातलं कच्चं अंडंही उबेत पडून असतं. 4 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधली ऊब जंतूंना मानवते, आणि अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

ओळखीतल्या एका मुलीने कुणाला भेट द्यायला म्हणून अशी बरणी भरली होती. पिवळ्याधमक पट्ट्यांची घरटी, वर फीत बांधलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक दव धरलं होतं, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी एक घरटं काढून मोडलं. बाहेरच्या पट्ट्या कटकन तुटल्या, मधल्या नुसत्या वाकल्या. जिथे पट्ट्या एकमेकींवर दाबून बसल्या होत्या तिथे घड्यांमध्ये हिरवट बुरशी होती आणि वास आंबूस. तिचं उत्तर होतं, “वरचं झटकून टाकते, उकळल्यावर सगळं मरतंच की.”

हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं, आणि ते अर्धंच खरं आहे. उकळत्या पाण्यात साल्मोनेला मरतो. पण आपल्या हातांवरून, नाकावरून पिठात जाणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू उबेत वाढला की विष तयार करतो, आणि ते विष उकळल्यावरही टिकतं. बुरशीची काही विषंही तशीच चिवट. बरणी रिकामी करायला लावली तेव्हा मुलगी हिरमुसली. तिची मेहनत दिसत होती, तरीही दुसरा इलाज नव्हता.

माझी पद्धत साधी आहे. कापलेला पास्ता सेमोलिना, म्हणजे पास्त्यासाठीचा गव्हाचा रवा, भुरभुरून ताटात मोकळा पसरते. हाताला चिकटेनासा झाला की लगेच शिजवते, नाहीतर थंडीत ठेवते. बाहेर दोन तासांच्या वर कधीच नाही. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर ताटासकट फ्रीझरमध्ये टाकून कडक होऊ देते, मग पिशवीत भरून हवा काढते आणि वर तारीख लिहिते. महिना-दोन महिन्यांत संपवते. शिजवताना तो वितळू द्यायचा नाही, थेट आधणात सोडायचा. वितळला की घरट्याचा लगदा होतो. ज्यांना बरणीतच ठेवायचा आहे त्यांनी अंडं न घालता नुसता सेमोलिना आणि पाण्याचा पास्ता करावा आणि तो मोडताना कटकन तुटेपर्यंत नीट वाळवावा.

फ्रिजमधला पास्ता दुसऱ्या दिवशी करडा दिसला, बारीक काळे ठिपके आले, की काही जण घाबरून फेकून देतात. बहुतेक वेळा हा पिठातल्या एन्झाइमचा आणि हवेचा परिणाम असतो. दिसायला वाईट, पण नासलेला नाही. वास, चिकटपणा किंवा लव दिसली तर मात्र विचार न करता टाका.

आता दुसरी चूक. हिच्यावर माझा राग आहे, कारण ती निव्वळ घाईतून होते. मैदा आणि अंडी एकत्र केली की पहिल्या दोन-तीन मिनिटांत भांड्यात नुसता भुगा दिसतो. शिकाऊ माणूस लगेच नळाकडे जातो. दोन चमचे पाणी पडतं, पाच मिनिटांनी गोळा हाताला चिकटायला लागतो, मग मूठभर मैदा, मग पुन्हा पाणी. शेवटी जे तयार होतं ते लाटताना फाटतं आणि शिजल्यावर बुळबुळीत लागतं.

मैद्याला ओल शोषायला वेळ लागतो. तो भुगा तळव्याने दाबत राहा, कडेला राहिलेलं पीठ खरवडून आत घ्या. आठ-दहा मिनिटं तिंबल्यावर तोच कोरडा वाटणारा उंडा गुळगुळीत होतो आणि बोटाने दाबला तर हळूहळू वर येतो. तरीही भेगा राहिल्या तरच हात ओले करून मळा. पाणी ओतू नका. आणि अंडी मोजण्याऐवजी वजन करा. एक अंडं कवचाशिवाय 45 ग्रॅम भरतं, दुसरं 60. चार अंड्यांच्या पिठात हा फरक केवढा होतो ते बघा. मी 100 ग्रॅम मैद्याला 55 ग्रॅम अंडं धरते.

मग उंडा झाकून निदान अर्धा तास ठेवायचा. न मुरलेलं पीठ लाटलं की मागे आकसतं, माणूस जोर लावतो, पट्टी कुठे जाड कुठे पातळ होते आणि शिजताना एक भाग कच्चा राहतो, दुसरा गळतो. यंत्राने मळलं म्हणून ही अर्ध्या तासाची सूट मिळत नाही. ज्यांना हा अर्धा तास काढता येत नाही, त्यांनी त्या दिवशी दुकानातला पास्ता आणावा. तोही चांगला असतो.

कापताना लक्षात ठेवा, पट्टी शिजून फुगते. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या व्यापार मंडळात 1972 साली टाल्यातेल्लेची, म्हणजे लांब चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याची, जी 8 मिलिमीटर रुंदी नोंदवली गेली, ती शिजलेल्या पट्टीची आहे. कच्ची पट्टी त्याहून अरुंद कापायची.

पाण्यात तेल घालू नका, ते वर तरंगतं आणि नंतर सॉस पास्त्याला धरत नाही. 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि साधारण 10 ग्रॅम मीठ, आणि पाणी खळखळत असतानाच पास्ता सोडा. पाकिटावरची आठ-दहा मिनिटं विसरा. ताज्या पट्ट्या दोन-तीन मिनिटांत होतात, म्हणून सॉस आधी तयार हवा. दीड मिनिटाला एक पट्टी काढून चावून बघते, घड्याळावर सोडत नाही. निथळल्यावर नळाखाली धुऊही नका. सॉस धरून ठेवणारा स्टार्च तुम्ही मोरीत ओतताय.

पोषणाबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. अंड्याचा आहे म्हणजे प्रथिनांचा, असं धरून लोक ताट भरून घेतात. एका माणसाच्या वाट्याला येणाऱ्या 100 ग्रॅम मैद्यात सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्यातून आणखी 6 येतात. उष्मांक होतात 430 च्या आसपास, आणि त्यातले बहुतेक मैद्याचेच. सॉस वेगळा. पाकिटावरचे आकडेही घरच्या पास्त्याला लावू नका. इटलीत अंड्याचा पास्ता म्हणून विकायला एक किलो सेमोलिनाला किमान 200 ग्रॅम अंडं पुरतं, घरी आपण त्याच्या अडीचपटीहून जास्त घालतो. शिवाय ताज्या पास्त्यात पाणी जास्त, म्हणून 100 ग्रॅम ताजा आणि 100 ग्रॅम सुका यांची तुलनाच होत नाही. नुसत्या बलकांचा पास्ता चवीला भरदार लागतो, पण एका बलकात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. डॉक्टरांनी ज्यांना बंधन घातलंय त्यांनी संपूर्ण अंड्याचाच करावा आणि वाढताना हात आवरावा.

उरलेला शिजलेला पास्ता झाकण घालून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पसरून गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि दोन-तीन दिवसांत खा. गरम करताना सॉसमध्ये थोडं पाणी घालून वाफ येईपर्यंत नीट तापवा, आणि एकदा गरम केलेला पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.