दोन ड्रमरांच्या खुन्नसवरचा जुना जपानी सिनेमा कसा बघायचा

जॅझ आवडत असेल तर 'अराशी ओ योबु ओतोको' बघाच. १९५७ च्या डिसेंबरात आलेला, निक्कात्सु स्टुडिओचा, दिग्दर्शक उमेत्सुगु इनोउए आणि हिरो युजिरो इशिहारा, तिकडे तुफान चालला होता पण आपल्याकडे याचं नाव घेणारं कुणी भेटत नाही.

शोधताना साल नीट बघा. याचे जपानीत पुढे रिमेक झालेत आणि १९६७ ला स्वतः इनोउएनेच हाँगकाँगला शॉ ब्रदर्स या स्टुडिओसाठी हीच गोष्ट परत केली, त्यामुळे भलताच सिनेमा लावून बसाल. सबटायटल्स हवीतच.

गोष्ट साधी आहे. टोकियोच्या गिन्झा भागातला भांडकुदळ पोरगा शोइची (इशिहारा), त्याला बँडमध्ये घेणारी मॅनेजर मियाको, आणि आधीचा स्टार ड्रमर चार्ली. आईचे सीन पुढे ढकलू नका, पोराचं वाजवणं तिला मान्यच नाही आणि त्याची सगळी तडफड तिथूनच येते.

आता मेन गोष्ट, ड्रमची लढत (इथून पुढे स्पॉयलर आहे). हा सीन दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा, आदल्या रात्री गुंडांनी शोइचीचा हात जायबंदी केलेला असतो, वाजवता वाजवता तो हात साथ सोडतो, तिकडे चार्ली जोरात वाजवत सुटलेला असतो आणि शोइची सरळ माइक ओढून एका हाताने वाजवत गायलाच लागतो, पब्लिक वेडं होतं!

दुसऱ्यांदा हेडफोन लावून डोळे मिटून ऐका. पायाने एक-दोन-तीन-चार मोजत राहा, म्हणजे कोण किती वेळ वाजवतोय ते कळतं, आपल्या सवाल-जवाबासारखंच. स्नेअरची (खाली तारा लावलेला ड्रम) कडकड आणि टॉमचा (बिनतारांचा ड्रम) घुमारा वेगवेगळा पकडायचा प्रयत्न करा, घाई नको. माझ्या मते नुसत्या वाजवण्यात तेव्हा चार्लीच पुढे असतो, शोइची जिंकतो तो गळ्यावर आणि रुबाबावर, आणि म्हणूनच मला हा सीन एवढा खरा वाटतो, कारण स्टेजवर असंच होतं.

अजून एक, इशिहाराच्या हातांवर फार विश्वास ठेवू नका, ऐकू येतं ते वाजवलंय जॅझ ड्रमर हिदेओ शिराकीने. सिनेमा संपला की त्याची १९६५ ची बर्लिनची रेकॉर्ड शोधा, त्यात जॅझ क्विंटेटसोबत (पाच वादकांचा संच) कोतो हे जपानी तंतुवाद्य आहे.