शौचाच्या तक्रारी: या चुका टाळा

शौचाला रक्त पडलं की सोलापुरात निदानं दोनच: मूळव्याध, नाहीतर शेंगाचटणी बाधली. मग मेडिकलवर यायचं, मूळव्याधीच्या मलमाची ट्यूब न्यायची. काउंटरवर बसून याच चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो.

यंत्रमागावरचे एक काका महिनोन्‌महिने ट्यूब नेत होते. डॉक्टरला दाखवा म्हटलं की, "दाखवू की मालक, गड्डा होऊन जाऊ द्या." गड्डा म्हणजे आमची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा. गड्डा उठला, उन्हाळा लागला, काकांची पँट कमरेला सैल झाली, जिना चढताना दम लागायला लागला. शेवटी मुलाने जबरदस्तीने नेलं. हिमोग्लोबिन पार खाली. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं तर गाठ लागली. दुर्बिणीने तुकडा काढला, कर्करोग निघाला. मूळव्याधही होतीच! म्हणून तर ट्यूबने मधेमधे बरं वाटायचं. ती तपासणी मिनिटभराची, पण लाजेपायी माणसं नेमकी तीच टाळतात.

रक्त पडतंय, वजन उतरतंय, शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललीय, झोपेतून उठून जावं लागतंय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालाय, यातलं एकही असेल तर मी आधी डॉक्टरकडे धाडतो. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

जुलाब "बंद करायची गोळी" मागणारेही घाईतच असतात. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ती गोळी, म्हणजे लोपेरामाइड, नको. लहान मुलांना तर नाहीच. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. पेल्यात अर्धं ओतून कडक केलं की मीठ जास्त होतं, लेकराला अपाय होतो. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपातलं उकळूनच वापरा.

बद्धकोष्ठाला इसबगोल घेताय? कोरडा फाकू नका, पेलाभर पाण्यातून घ्या. पहिल्याच रात्री तीन चमचे घेऊन सकाळी "पोट फुगलं" म्हणून भांडायला येऊ नका. एका चमच्याने सुरुवात करा, दोन-तीन दिवस थांबा. रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण? मला नाही पटत, आधी कारण शोधा.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, घाबरू नका. गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. आणि पोट टम्म, उलट्या, वाराही सरत नाही, अशा वेळी पोट साफ व्हायचं औषध मागायला माझ्याकडे येऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.