रेस्ट शिकवताना या चुका टाळा: ४/४ ला जमतं मग ३/४ आणि ६/८ ला का फसतं?

कीबोर्डच्या क्लासला मुलं नोट्स वाचायला पटकन शिकतात, गाडी अडते ती रेस्टवर, म्हणजे गप्प राहायच्या खुणेवर. आणि त्यात मुलांपेक्षा आपली शिकवणाऱ्यांची चूक जास्त असते, कारण पहिल्याच आठवड्यात आपण तक्ता देऊन मोकळे होतो, होल रेस्ट चार, हाफ दोन, क्वार्टर एक, पाठ करून ये. ४/४ मध्ये, म्हणजे बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात) चार बीट, म्हणजे चार मात्रा असतात तिथे, तक्ता झकास चालतो. मग ३/४ मधला पहिला वॉल्ट्झ येतो, डाव्या हाताच्या बारमध्ये होल रेस्ट दिसतो आणि पोरगं इमानदारीत चार मोजतं. तीन बीटच्या बारमध्ये चार! उजवा हात पुढच्या बारमध्ये, डावा अजून मागच्याच. वर "सर, तुम्हीच सांगितलं होतं चार" हे ऐकून घ्यायचं, आणि ते खरंच असतं हो, मीच सांगितलेलं असतं.

तर पहिल्या दिवसापासून होल रेस्टचा अर्थ 'हा अख्खा बार गप्प' असाच सांगा. २/४ मध्ये दोन बीट, ३/४ मध्ये तीन, ६/८ मध्ये सहा एट्थ (एट्थ म्हणजे क्वार्टरच्या निम्मा), बार जेवढा तेवढा. (अपवाद ४/२ चा, तिथे ब्रीव्ह रेस्ट, म्हणजे होलच्या दुप्पट, येतो, पण तो भेटेपर्यंत पोरं मोठी झालेली असतात.) दिसण्यात गोंधळ होत असेल तर होल हा खालून चौथ्या रेषेला वटवाघळासारखा लटकतो आणि हाफ तिसऱ्या रेषेवर पाटावर बसल्यासारखा बसतो, एवढं पुरतं.

हार्मोनियम आणि तबल्याकडून आलेली मुलं

यांची गडबड वेगळीच असते आणि बऱ्याच पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षकांच्या ती लक्षातच येत नाही. भातखंडे पद्धतीत 'सा - रे -' लिहिलं की ती आडवी रेघ म्हणजे सा धरून ठेव, शब्दांखालचा ऽ पण तसाच, स्वर लांबव. म्हणजे या मुलांच्या डोक्यात 'नवीन स्वर नाही' याचा अर्थ 'जुना चालू ठेव' असा पक्का बसलेला असतो. रेस्ट दिसला की ती की दाबूनच ठेवतात आणि मोजणं एकदम बरोबर असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं जमलं. कान देऊन ऐका, आवाज थांबलेलाच नसतो. मी सरळ सांगतो, रेघ म्हणजे धर, रेस्ट म्हणजे सोड, आणि रेस्टला बोटं कीवरून उचललेली दिसलीच पाहिजेत.

तबलावाल्यांना रेस्ट म्हणजे खाली, म्हणजे तालातली टाळी न देण्याची जागा, वाटते. नाही! तीनतालात नवव्या मात्रेला टाळी नसते, हात नुसता हलवतो, पण तबला काय बंद पडत नाही, 'धा तिं तिं ता' चालूच असतं. म्हणून रेस्ट शिकवताना खालीसारखा हात हलवायची सवय लावू नका. त्यापेक्षा दमदार तिहाई घ्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा आणि मध्ये दम, म्हणजे मोजून थांबणं, ती या मुलांना येत असतेच. 'तिटकत गदिगन धा', तीन मात्रा, मग एक मात्रा दम, असं तीनदा, तीनतालात सातव्या मात्रेपासून उचललं की शेवटचा धा बरोब्बर समेवर, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. आता दोन्ही दम गाळून वाजवायला सांगा, धा पंधराव्या मात्रेलाच येऊन पडेल आणि पोरगं स्वतःच कपाळाला हात लावेल. दम मोजावा लागतो हे त्याला माहीतच असतं, फक्त 'रेस्ट म्हणजे दम' हे कुणी सांगितलेलं नसतं.

बेरीज बरोबर, उत्तर चूक

थिअरीच्या पेपरात 'बार रेस्टने पूर्ण करा' असा प्रश्न असतो आणि मुलं त्याला गणित समजतात. मी एकच प्रश्न तीन टाइम सिग्नेचरमध्ये (४/४, ३/४, ६/८ हे आकडे) देतो: बारच्या सुरुवातीला एक एट्थ नोट आहे, बाकी सगळा बार गप्प, भरून दाखव.

४/४ मध्ये आधी एट्थ रेस्ट टाकून पहिला बीट पुरा करायचा, मग दुसऱ्या बीटला क्वार्टर रेस्ट, मग उरलेल्या अर्ध्या बारला हाफ रेस्ट. ३/४ मध्ये एट्थ रेस्ट आणि पुढे दोन वेगवेगळे क्वार्टर रेस्ट, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या बीटला मिळून हाफ रेस्ट लिहायचा नाही. ४/४ मध्येसुद्धा गप्प बीट दुसरा आणि तिसरा असतील तर हाफ रेस्ट चालत नाही, दोन क्वार्टरच, कारण बारचा मधला सांधा दिसला पाहिजे. आता ६/८. इथे हमखास उत्तर येतं हाफ रेस्ट आणि एक एट्थ रेस्ट, एक अधिक चार अधिक एक, झाले सहा. बेरीज चोख आणि उत्तर साफ चूक, कारण ६/८ मध्ये बीट दोनच, प्रत्येकी तीन एट्थचा, आणि तो हाफ रेस्ट पहिल्या बीटमधून सरळ दुसऱ्यात घुसतो. बरोबर उत्तर म्हणजे दोन एट्थ रेस्ट, पहिला बीट संपला, मग दुसऱ्यासाठी डॉटेड क्वार्टर रेस्ट, म्हणजे टिंब दिलेला, तीन एट्थचा.

लगेच पुढची शंका येते, ते दोन एट्थ रेस्ट जोडून एक क्वार्टर का नाही? बीटचे पहिले दोन एट्थ गप्प असतील तर क्वार्टर रेस्ट चालतो, शेवटचे दोन असतील तर सुटेच लिहायचे. यात अडकणाऱ्याला मी कागद बाजूला ठेवून दादरा म्हणायला लावतो, धा धी ना, धा ती ना, तीन-तीन. मग विचारतो तुझा हाफ रेस्ट कुठे कुठे पसरला दाखव. ७/८ ला रूपक आठवतो, तीन-दोन-दोन, पण सांभाळून, पाश्चात्त्य रचनेत ते दोन-दोन-तीन पण असू शकतं, आधी बीम (नोट्स जोडणाऱ्या जाड रेघा) कसे बांधलेत ते बघा आणि रेस्ट त्याच गटात बसवा.

जाता जाता, यूट्यूबवर क्वार्टर आणि एट्थ म्हणतात, ब्रिटिश परीक्षांच्या पुस्तकात त्यांनाच क्रॉचेट आणि क्वेव्हर. क्लासमध्ये एकच ठरवा, नाहीतर मूल त्यांना चार वेगळ्या गोष्टी समजतं.

मोजतंय बरोबर तरी रेस्ट ऐकू येत नाही?

मग पाय बघा, सस्टेन पेडल, म्हणजे की सोडली तरी आवाज चालू ठेवणारं, दाबलेलं असेल. गिटार असेल तर मोकळी तार वाजत राहिलेली असते, तळहात टेकवून बंद करायला शिकवा. कीबोर्डवर ऑटो ऱ्हिदम लावून सराव करणाऱ्यांना तर रेस्ट कळतच नाही, सगळ्या मोकळ्या जागा मशीन भरून टाकतं, तेव्हा रेस्ट पक्के होईपर्यंत ते बंद आणि साधा मेट्रोनोम चालू.

बारच्या सुरुवातीचा रेस्ट सगळ्यात दगा देतो. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची ती सुरुवात सगळ्यांना तोंडपाठ, पण २/४ च्या त्या पहिल्या बारमध्ये आधी एट्थ रेस्ट आहे, मग तीन एट्थ, आणि लांब नोट पुढच्या बारला. मुलं पहिल्याच नोटवर जोर देतात आणि त्याचं ट्रिपलेट, म्हणजे एका बीटमध्ये तीन सारख्या नोट्स, करून टाकतात. 'एक'ला नाकाने श्वास ओढायला लावा, आवाज येईल असा, मग वाजवा. याच्या उलट पिकअपने, म्हणजे पहिल्या पूर्ण बारच्या आधीच्या एक-दोन नोट्सनी, सुरू होणाऱ्या धूनमध्ये आधीचे बीट रेस्टने भरत बसायचे नसतात, तेवढा हिशोब शेवटचा बार आखूड ठेवून पुरा होतो.

आणि ग्रुपमध्ये वाजवताना जाड आडवी रेघ आणि वर ८ असा आकडा दिसला तर तो आठ बीट नाही, आठ बार गप्प. ३/४ असेल तर १-२-३, २-२-३, ३-२-३ असं प्रत्येक बारचा पहिला आकडा बदलत मोजायचं, आणि शेजारच्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, तो पण बहुतेक तुमच्याकडेच बघत असतो.