नाशिकमध्ये जागतिक सत्ताकारण आणि राष्ट्रीय सुरक्षेवर व्याख्यान ठेवताना

आधी विषय पक्का करा, कारण अशी बहुतेक व्याख्याने तिथेच फसतात. निमंत्रणपत्रिकेवर ‘जागतिक सत्तासंतुलन आणि भारताची सुरक्षा’ असे छापले की वक्ता युक्रेन, गाझा, तैवान सगळीकडे पाच-पाच मिनिटे जाऊन येतो आणि श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. अभ्यासकाला एकच प्रश्न द्या, तोही नाशिककराच्या ओळखीच्या जागेतून निघणारा.

ओझरचेच घ्या. तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीच्या) कारखान्यात सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ हे लढाऊ विमान बनले, पुढे रशियन परवान्यावर सुखोई-३० एमकेआय, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए या स्वदेशी लढाऊ विमानाने उड्डाण केले. या तेजसचे एफ-४०४ इंजिन मात्र अमेरिकेच्या जीई कंपनीकडून येते आणि इंजिनांचा पुरवठा रखडल्याने हवाई दलाला विमाने मिळायला उशीर झाला. ‘विमान आपले, इंजिन त्यांचे, मग निर्णय किती आपला?’ एवढा प्रश्न ठेवला तरी रशियाशी असलेले जुने नाते, एस-४०० या रशियन हवाई संरक्षण प्रणालीचा २०१८ चा करार आणि रशियाकडून शस्त्रे घेणाऱ्यांना अमेरिकेच्या २०१७ च्या काट्सा कायद्याने दिलेली निर्बंधांची धमकी हे सगळे ओघाने येते. दुसरा तितकाच चांगला विषय म्हणजे लासलगावचा कांदा, बांगलादेशची बाजारपेठ आणि आपले शेजारधोरण.

वक्त्याला पत्र किमान सहा आठवडे आधी जाऊ द्या. पत्रात तारीख, विषयाचा नेमका प्रश्न, बोलायला मिळणारी मिनिटे, भाषा, मानधन, प्रवास-निवास आणि चित्रीकरणाला संमती, सगळे लेखी हवे. श्रोते कोण असतील तेही कळवा. नाशिकमध्ये पुढच्या रांगांत देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेली मंडळी, एचएएलचे माजी कर्मचारी आणि मागे स्पर्धा परीक्षेची मुले बसतात. हे माहीत असलेला वक्ता प्राथमिक माहितीत वीस मिनिटे घालवत नाही. सेवेतला अधिकारी बोलवत असाल तर त्याला वरिष्ठांची परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय पत्रिका छापू नका.

मुंबईचा वक्ता पंचवटी एक्सप्रेसने येईल असे गृहीत धरू नका. ती सकाळी नाशिकहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परतते, म्हणजे आपल्या कार्यक्रमाला उपयोगाची नाही. दुपारच्या आत पोहोचेल अशी गाडी ठरवा आणि नाशिकरोडहून शहरात येताना द्वारका चौकातल्या कोंडीसाठी अर्धा तास वेगळा धरा.

दीड-दोनशे श्रोत्यांसाठी कालिदास कलामंदिर घेऊ नका. एवढ्या मोठ्या जागेत विखुरलेले लोक प्रश्न विचारायला संकोचतात. कुसुमाग्रज स्मारकातले किंवा सार्वजनिक वाचनालयाचे सभागृह बरे. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेमुळे ऐकायची सवय असलेला श्रोता मिळतो, पण मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तोवर पडद्यावरचे काही दिसत नाही, आणि रामकुंडाच्या आरतीचा आवाजही येतो. उघड्यावर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी काढा. रात्री दहानंतर तो वाजवता येत नाही.

नकाशाकडे विशेष लक्ष द्या. या विषयावर नकाशाशिवाय बोलणे अवघड, आणि चुकीचा नकाशा लावणे त्याहून वाईट. इंटरनेटवरच्या अनेक परदेशी नकाशांत जम्मू-काश्मीर, लडाख, अक्साई चीन तुटक रेषांनी वेगळे दाखवलेले असतात. ज्यातल्या भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (सर्व्हे ऑफ इंडियाच्या) नकाशाशी जुळत नाहीत असा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. वक्त्याची सादरीकरणाची फाइल दोन दिवस आधी मागवा, प्रत्येक नकाशा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहा आणि खटकले तर वक्त्याला लगेच फोन करा. होर्मुझ व मलाक्का सामुद्रधुन्या आणि चीनशी लागून असलेली ताबारेषा शेवटच्या रांगेतून वाचता येते का, तेही सभागृहात मागे उभे राहून बघा.

वेळेचा हिशेब: साडेसहाला सुरुवात, दहा मिनिटांत प्रास्ताविक व परिचय, पन्नास मिनिटे व्याख्यान, चाळीस मिनिटे प्रश्नोत्तरे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, देणगीदारांचे सत्कार आणि अध्यक्षीय भाषण एकत्र आले की पाऊण तास जातो आणि तो नेमका प्रश्नोत्तरांतून कापला जातो. सत्कार करायचेच असतील तर चहाच्या वेळी करा. परिचय सहा ओळींचा असावा. पदव्यांची यादी पत्रिकेत आहेच. वक्त्याच्या समोर बसलेल्या माणसाकडे ‘१०’ आणि ‘५’ लिहिलेले दोन मोठे पुठ्ठे द्या.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. माईक श्रोत्यांत फिरवला की या विषयावर हमखास भाषणे सुरू होतात, आणि निवडणुका जवळ असतील तर पक्षीय वादही. दाराशीच कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा, व्याख्यान सुरू असतानाच तीन स्वयंसेवकांनी त्या गोळा कराव्यात. सूत्रधाराने सारखे प्रश्न एकत्र करावेत. चाळीस मिनिटांत सात-आठ प्रश्न नीट होतात, जास्त कोंबू नका. सुरक्षा परिषदेचे कायम सदस्यत्व भारताला का मिळत नाही, हा प्रश्न येणारच. पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार पुरतो, हे एका वाक्यात सांगून सूत्रधाराने वक्त्याला पुढच्या मुद्द्यावर न्यावे. वक्त्याला अडचणीत आणणारे प्रश्नही घ्या, गाळू नका. तुकड्यांच्या हालचाली किंवा तळांच्या तपशिलाचा प्रश्न मात्र चिठ्ठीतच थांबवा.

चित्रफीत टाकताना प्रश्नोत्तरांसह पूर्ण टाका. काश्मीर किंवा चीनवरचे तीस सेकंद वेगळे काढले की मूळ मुद्द्याच्या उलट अर्थ लागतो आणि वक्ता पुन्हा नाशिकला यायला तयार होत नाही. वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या टंकून आठवड्याभरात वक्त्याला पाठवा. बहुतेक अभ्यासक चार-पाच ओळींत का होईना, उत्तर लिहून कळवतात.