हेड बदलल्यावर कॉम्प्रेशन रेशो किती होईल, हे आधीच कसं काढावं

दुसऱ्या मॉडेलचं सिलिंडर हेड (इंजिनच्या ब्लॉकवर बसणारं झाकण) बोल्टच्या भोकांना जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. हेडमधली इंधन जळण्याची पोकळी, म्हणजे चेंबर, लहान असेल तर इंजिन लोडवर नॉक करू लागतं (आतून ठोके ऐकू येतात), मोठं असेल तर दम गमावतं. हेड कसण्याआधी कागदावर हिशोब करता येतो आणि तो अवघड नाही. गडबड होते ती मोजमापात.

पिस्टन सर्वांत खाली असताना त्याच्या वरची एकूण जागा भागिले पिस्टन सर्वांत वर असताना उरलेली जागा, हा झाला कॉम्प्रेशन रेशो. हेड बदललं तरी बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची खालून वरपर्यंतची धाव), पिस्टन आणि ब्लॉक तेच राहतात. म्हणून सगळं शून्यापासून मोजण्याऐवजी जुन्या आणि नव्या चेंबरमधला फरक तेवढा मोजा.

आधी एका सिलिंडरचं आकारमान काढा: बोअर × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक, सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मि.मी. असतील, तर ८.६ × ८.६ × ०.७८५४ × ८.६ म्हणजे सुमारे ४९९.६ सी.सी. आता मॅन्युअलमधला जुना रेशो घ्या, त्यातून १ वजा करा आणि आकारमानाला त्याने भागा. रेशो ९.३ असेल तर ४९९.६ ÷ ८.३ = ६०.२ सी.सी. पिस्टन वर असताना एवढी जागा उरते.

यानंतरचं काम सावकाश करा. दोन्ही हेडची चेंबर स्वतः मोजा. कॅटलॉगमधल्या आकड्यावर माझा तरी भरवसा नाही, कारण वापरलेल्या हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) कितीदा झालंय हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. वॉल्व्ह बसवा, इंजिनात लागणारा स्पार्क प्लगच लावा, हेड उलटं ठेवा. चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन त्यावर भोक पाडलेली जाड अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबा. भोक सर्वांत उंच राहील इतपत हेड कलतं करा आणि ब्युरेटने (खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीने) रंगीत पाणी सोडा. शेवटचा बुडबुडा निघाला की आकडा वाचा. ब्युरेट नसेल तर खुणा असलेली मोठी सिरिंज चालते. प्रत्येक चेंबर वेगळं मोजा, आणि झाल्यावर हेड पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर वॉल्व्ह सीट गंजतील.

समजा, जुनं चेंबर ४८ आणि नवं ४३ सी.सी. भरलं. ५ सी.सी. कमी झाले, म्हणजे ६०.२ चे ५५.२ उरले. ४९९.६ ÷ ५५.२ = ९.०५; त्यात १ मिळवा. नवा रेशो १०.०५.

गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) बदलणार असाल तर त्याचाही फरक धरा. जाडी दाबल्यानंतरची घ्यायची, आणि व्यास बोअरचा नव्हे तर गॅस्केटच्या भोकाचा. ८७ मि.मी. भोकाचं गॅस्केट आधीपेक्षा ०.५ मि.मी. जास्त जाड घेतलं तर सुमारे ३ सी.सी. वाढतात, आणि वरचा १०.०५ घसरून ९.६ होतो. फेसिंगचा परिणाम उलटा: चेंबरचं तोंड ४० चौ. सें.मी. असेल तर ०.२५ मि.मी. घासल्यावर १ सी.सी. कमी होतो.

हा जवळचा रस्ता इंजिन मुळात जसं होतं तसं असेल तरच चालतो. पिस्टन बदललेले असतील किंवा ब्लॉक घासलेला असेल, तर पिस्टनचा माथाही मोजावा लागतो. पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापासून बरोबर १० मि.मी. खाली आणा, कडेला ग्रीस लावा, पट्टी ठेवून पाणी भरा. ८६ मि.मी. बोअरला सपाट पिस्टनवर ५८.१ सी.सी. मावायला हवं. ६१.१ मावलं तर माथ्यावर ३ सी.सी. चा खड्डा आहे. मग चेंबर, गॅस्केट, खड्डा आणि पिस्टन वर असताना ब्लॉकच्या पृष्ठभागापर्यंत राहणारी जागा यांची बेरीज करा, आकारमानाला तिने भागा आणि १ मिळवा.

कॉम्प्रेशन गेज लावून रेशो ओळखता येतो, ही समजूत सोडून द्या. गेज दाब दाखवतं, आणि तो वॉल्व्ह कधी बंद होतो, स्टार्टर किती जोरात फिरवतो, रिंगा कशा आहेत यावरही ठरतो.

आकडा मनासारखा आला तरी हेड पक्कं कसू नका. पिस्टनच्या माथ्यावर, वॉल्व्ह येतात तिथे आणि कडेच्या सपाट भागावर, मऊ मातीच्या गोळ्या ठेवा, गॅस्केटसह हेड हलकं कसा, टायमिंग जुळवा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. मग हेड उचला आणि माती सर्वांत पातळ झाली असेल तिथे कापून जाडी मोजा.