अधिवेशनात नागपूरला खोली हवी असेल तर

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीतल्या हॉटेलांचे भाव भलतेच चढतात. तेव्हा विधानभवनाच्या जवळ शोधूच नका, मेट्रोची ॲक्वा लाइन धरा.

१. अग्रसेन चौक किंवा दोसर वैश्य चौक स्टेशनाभोवती, सेंट्रल ॲव्हेन्यूवर बघा. सीताबर्डीला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन झिरो माइल. तिथून विधानभवन जवळ.

२. ॲपवरचा भाव बघून थेट हॉटेलात फोन लावा. दोन रात्री राहणार म्हटलं की बरेचदा काहीतरी सुटतं.

३. "रस्त्याकडची नको, मागची खोली द्या" असं आधीच सांगा. ॲव्हेन्यूवर ट्रॅफिक उशिरापर्यंत चालतं. आणि खाली लग्नाचा हॉल आहे का, हेही विचारा. मी एकदा विसरलो, बारा वाजेपर्यंत खिडकीच्या काचा ढोलावर थरथरत होत्या!

४. चेकआउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं? चोवीस तासांचं असेल तर पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्याचं अख्खं एक भाडं वाचतं.

रात्री उशिरा मेट्रो नसते. ऑटोचे पैसे धरून हिशेब करा. आणि खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.